एकशे पंच्याऐंशी, मधलं सोडा, चौदा

...आणि वर मलाच विचारतात हो, "बन्सीभाऊ, टायर कोणी निवडलं होतं?" कोणी म्हणजे काय? मी निवडलं! शहाद्याच्या अल्याड-पल्याड दहा गावांत कोणाला टायर घ्यायचं असलं ना, तर माणूस आधी बन्सीलाल पाटलाकडे येतो, चहा पितो आणि मग दुकानात जातो. ट्रॅक्टरचं पुढचं, मागचं, ट्रॉलीचं, टँकरचं, बैलांच्या टायरगाडीचं, केळीच्या पिकअपचं... तीस वर्षं हेच केलंय. नुसता पंजा ठेवून सांगतो, अजून किती उसाच्या खेपा निघतील ते. टायरमध्ये आपल्याला कोणी शिकवायचं नाही. पण एक घाट अर्ध्यात राहिला तर लोक लगेच अडाणी ठरवतात, हे बरं आहे का, तुम्हीच सांगा.

आता तुम्हाला सांगतो, झालं काय. ही गाडी माझी नाही, म्हणजे आता माझी आहे, पण आधी माझ्या मेव्हण्याची होती, नवनीतची, तो सुरतेला असतो. त्याला मध्येच हौस आली, कोणत्या तरी साहेबाकडून जपानी गाडी घेतली, लाल, दोनच दारं, दोनच सीटा, छत मागं लोटलं की डोक्यावर आभाळ. तीस वर्षांची गाडी, पण पळायची... आणि बसायला इतकी खाली, की शेजारून बैलगाडी गेली तर बैलाच्या गुडघ्याशी बोलावं लागतं. नवनीतची कंबर दुखायला लागली. मग म्हणाला, "जिजाजी, घेऊन जा, ताईला फिरवा."

ताई म्हणजे आमची प्रतिभा. आता इथं खरी मेख आहे. लग्न ठरलं तेव्हा, सत्तावीस वर्षांपूर्वी, मी तिला म्हटलं होतं, तुला तोरणमाळला नेईन, उघड्या गाडीतून, ऐटीत. त्या वयात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. नेलं का? नाही नेलं. कधी कापूस वेचणीला, कधी उसाला तोड आलेली, कधी केळीची गाडी भरायची, आणि तोरणमाळ काय लांब आहे का? पन्नास-पंचावन्न किलोमीटर. जवळचं राहूनच जातं बघा. ती भांडली असती तर मी कधीच नेलं असतं, पण ती भांडली नाही. नुसतं दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला शिरा वाढताना म्हणायची, "तोरणमाळला आता थंडी असेल नाही?" बस, एवढंच. तो शिरा मला सत्तावीस वर्षं गोड लागला नाही.

तर गाडी आली आणि मी जाहीर करून टाकलं, येत्या रविवारी लग्नाचा वाढदिवस, तोरणमाळ, पक्कं. दुसऱ्या दिवशी तिनं शहाद्याच्या बाजारातून काळा गॉगल आणला आणि डोक्याला बांधायला रुमाल आणला, फुलांचा. मला दाखवला नाही. कपाटात दिसला. आता तुम्हीच सांगा, ते बघितल्यावर माणूस रविवार पुढे ढकलेल का?

आणि गुरुवारी मी टायर बघितले. गाडी सुरतेत चार वर्षं उभीच होती. चारही टायरना कडेला भेगा, उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या. म्हटलं बदलायचे. त्यात काय एवढं? टायरमध्ये आपल्याला कोणी शिकवायचं नाही. थुंकी लावून कडेची धूळ पुसली, आकडा वाचला. एकशे पंच्याऐंशी, मग तिरकी रेघ, मग साठ, मग चौदा. एकशे पंच्याऐंशी म्हणजे रुंदी, चौदा म्हणजे आतली रिंग, हे शेंबडं पोरगं सांगेल. मधला साठ कशाचा? ट्रॅक्टरच्या टायरवर असलं मधलं काही नसतं हो. रुंदी आणि रिंग, विषय संपला. तीस वर्षं मधल्यावाचून ऊस वाहिला मी!

गेलो धुडकूकडे. धुडकूचं टायरचं दुकान, शहाद्यात, स्टँडच्या मागच्या रस्त्याला, माणूस चांगला, पण भित्रा. आकडा बघितला आणि डोकं खाजवायला लागला. "बन्सीभाऊ, हाई माप आठे नही मिळाव. मुंबईथून मांगवनं पडी. आठ दिन लागतीन." इथं मिळत नाही म्हणे, मुंबईहून मागवायचं. आठ दिवस? आणि रविवार? मी तिथंच दुकानात नजर फिरवली, तर कोपऱ्यात ढीग लावलेला, नवे कोरे, पिकअपचे टायर. वाकून वाचलं. एकशे पंच्याऐंशी... चौदा. म्हटलं धुडकू, डोळे आहेत का बटणं? हे काय आहे? तर म्हणतो, "भाऊ, ते पिकअपनं शे. त्याम्हा मधला साठ नही शे." म्हटलं नाही तर नाही, मधलं सोड. पुढचं जुळतंय, मागचं जुळतंय. आपण सोयरीक जुळवतो तेव्हा मुलगा बघतो, घर बघतो, मधल्या मामाला कोण विचारतो?

आणि टायर कसलं, आठ प्लायचं, आठ थरांचं! दीड टन केळी घेऊन चाळीसगावपर्यंत बिनबोभाट जातं. आमचं नवरा-बायकोचं वजन मिळून एकशे चाळीस किलो, त्यातलं माझं किती ते सोडा. म्हणजे मजबुतीत तर दहापट वर. धुडकू तरी कुरकुरतच होता. "मी सांगस ते ऐका, नंतर माले बोलू नका." नवनीतला फोन लावला, तो तिकडून, "जिजाजी, वचला साठ बघा, मधला, रुंदीच्या साठ टक्के असतं ते, टायरची उंची..." म्हटलं, नवनीत, तू साड्यांच्या धंद्यात आहेस ना? मग साड्या विक. टायरमध्ये आपल्याला कोणी शिकवायचं नाही.

बसवले चारही. गाडी खाली उतरवली... आणि काय सांगू, गाडी उंच झाली. टाचेची चप्पल घातल्यासारखी उभी राहिली. मी तर खूश, कारण आता बसायला उठायला सोपं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं तर पुढून आवाज आला, खर्रर्र. धुडकू म्हणे, "पत्राले घासी ऱ्हायनं." मी म्हटलं घासू दे, नवी चप्पल चावत नाही का दोन दिवस? पूर्ण वळवायचंच नाही म्हणजे झालं. आणि शहादा ते घाटाचा पायथा रस्ता कसा आहे? सरळ. मधे म्हसावद, दुतर्फा ऊस, वळायचं कारणच काय?

रविवारी सकाळी निघालो. प्रतिभा गॉगल लावून, रुमाल बांधून, हिरव्या साडीत, मांडीवर डबा. बायका ओट्यावर येऊन बघायला लागल्या. फाटकातून गाडी बाहेर काढायला चार वेळा पुढे-मागे करावं लागलं, कारण पूर्ण वळवायची नव्हती ना. ती एवढंच म्हणाली, "अहो, बैलगाडी एका झटक्यात निघते इथून." मी गिअर टाकला. आणि रस्त्याला लागल्यावर तुम्हाला सांगतो, काय वारा, काय ऊन कोवळं, लोक मोटारसायकली थांबवून बघताहेत, ती हसते आहे. लग्नातसुद्धा अशी हसली नव्हती. काटा साठवर. ती म्हणे, "साठच का? झाडं तर जास्त जोरात पळून ऱ्हायलीत." आता मला कळतं, टायर मोठं म्हणजे एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, काट्याला त्याचा पत्ताच नसतो. त्या वेळी मात्र मी म्हटलं, झाडं तुझ्या गॉगलमुळे पळताहेत.

घाट लागला. पहिलं वळण उजवीकडे, रुंद होतं, निभावलं. इंजिन मात्र धापा टाकायला लागलं, दुसरा गिअर ओढेना, पहिल्यावर आणली. दुसरं वळण डावीकडे, खर्र. तिसरं वळण, ते एकदम कोपरासारखं, वर चढ... वळवलं तसं खर्रर्र खर्रर्र आणि रबर जळाल्याचा वास. पुढे जाववेना, मागं दरी, वळायचं तर टायर पत्र्यात अडकलेलं. उतरलो, मागच्या चाकाला दगड लावले. प्रतिभा सीटवरून हलली नाही. गॉगल काढला, टायरकडे बघितलं, म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड झाला." एवढंच. भांडली असती तर परवडलं असतं. मला फार वाईट वाटलं हो. सत्तावीस वर्षांनी घाटापर्यंत आणली आणि तिसऱ्या वळणावर उभी केली.

नेमकं तिथं फोनला नेटवर्क. नवनीतला लावला. तो म्हणतो, "जिजाजी, जिथं मधला आकडा लिहिलेला नसतो ना, तिथं ऐंशीच्या वर धरायचा असतो. तुमचं टायर साडेतीन इंच नाही तर तीन इंच तरी उंच झालं. आणि दार उघडून बघा, चौकटीला कंपनीची पट्टी आहे, टायरचं सगळं माप लिहिलंय." दार उघडून बघितलं. पट्टी होती. मी रोज सकाळी फडक्यानं पुसत होतो ती पट्टी, चकचकीत ठेवली होती, वाचली तेवढी नव्हती.

तेवढ्यात खालून एक पिकअप आली, वरच्या दुकानांचा किराणा घेऊन. ड्रायव्हर अनोळखी माणूस, दगा हे नाव मागून कळलं, थांबला. "काय व्हयनं भाऊ?" मग वाकून बघितलं आणि गोंधळलाच बिचारा. "भाऊ, ह्या टायर तं मन्हा गाडीना शेतस. तुमना लाल गाडीले कशा लागनात?" मी मागच्या चाकाचे दगड उगीच नीट केले. मग तो प्रतिभाला म्हणाला, "वहिनी, बठा पुढे, मी वरच जाई ऱ्हायनू. दुपारले उतरस तव्हय परत सोडी दिसू." मला वाटलं, ती नाही म्हणेल. नवऱ्याला असं रस्त्यात टाकून कोण जाईल? ती डबा माझ्या हातात देऊन चढून बसली. डबा दिला, हे मात्र तिचं मोठं मन.

गेली पिकअप. ते वळण, जिथं मी अर्धा तास घाम गाळला, ते त्या पिकअपनं एका दमात घेतलं, आवाज नाही, वास नाही. म्हणजे माल बघा काय निवडला होता मी!

चार तास बसलो. दुपारी ती आली, तळ्याचं गार वारं लागून तोंड टवटवीत झालेलं, म्हणाली, "फार छान आहे हो वर. कमळं होती. खूप पाणी आहे." मी म्हटलं, बरं झालं, बघितलंस. आणि खरंच बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दगानं दोर लावून गाडी ओढून तोंड उताराकडे करून दिली आणि आम्ही खाली आलो, उताराला वळणं बरी पडतात, पुढे-मागे करत. घरी येईपर्यंत ती तळ्याबद्दलच बोलत होती, मी फक्त हूं म्हणत होतो.

आता ताजी बातमी सांगतो. तिनं गल्लीत सगळ्यांना सांगितलंय. रेवाबाई, तुळशीबाई, शीला, अकरा बाया जमल्यात, दगाची पिकअप ठरवलीय, मागं गाद्या टाकून, येत्या रविवारी तोरणमाळ. मला कोणी विचारलं नाही. म्हणजे विचारलं. काल दगा घरी गाडी घेऊन आला, बायकांनी मला बाहेर बोलावलं, "बन्सीभाऊ, तुम्ही जाणकार, जरा टायर तपासून द्या." मी खाली बसलो, पंजा ठेवला, चारही बघितले.

टायर एकदम बरोबर आहेत.