दोन बोटं वर

...आणि वर मॅडम मलाच विचारतात, "शेवटाला रेषा वर का गेली?" आता तुम्हीच सांगा, मी काय मुद्दाम नेली? भिंतीवर स्टिकर चिकटवणारा माणूस मी, सातवी नापास, मला आलेखातलं काय कळतं! पण तुम्हाला सांगतो, मला काही वाटलं नाही. हल्ली वाटतच नाही.

झालं काय, प्रदर्शनाचा हॉल, ही एवढी भिंत, तिच्यावर एकच लांबलचक लाल रेषा. जगात दरवर्षी कामावरच्या अपघातात किती माणसं मरतात, त्याची... शंभर वर्षांची! मॅडम खूश. "बघा, जग किती सुधारलंय! रेषा कशी उतरत आलीये!" म्हटलं, येऊ दे बाई.

आता हे काम दोघांचं. एकाने शिडीवर चढून चिकटवायचं, दुसऱ्याने खाली शिडी धरायची आणि ओरडायचं. चढणार माझा दादा, ओरडणार मी. "सरळ आहे का रे?" "वर घे... अरे किती वर, आंधळ्या!" "मग तू चढ, शहाण्या!" दिवसभर हेच. गेल्या महिन्यात माझा फोन वाजला, मी शिडी सोडली. एवढंच. फोनही राँग नंबर निघाला... दादा गेला. मालक म्हणाले, "आता एकट्यानेच भागव." भागवलं. काही वाटलं नाही.

तर एकट्याने लावली, खालून ओरडायला कोणी नाही, रेषा गेली शेवटाला दोन बोटं वर. मॅडमनी कपाळावर हात मारला. "अहो, या दोन बोटांत हजारो माणसं मेली ना!" मी विचारलं, "मॅडम, एक माणूस केवढा?" त्यांनी मोबाइलवर हिशेब केला, अगदी मन लावून केला हो. "एक? केसाहून बारीक. दिसणारच नाही."

केसाहून बारीक! आमचा दादा! नव्वद किलोचा गडी, रिक्षात बसला की मला मांडीवर बसावं लागायचं!

काही वाटलं नाही. चढलो, सोलली, खाली घेतली. आणि तोंडातून गेलं, अगदी दादासारखं, "सरळ आहे का रे?"

"आहे, आहे."

खाली बघतो तर मॅडमनी दोन्ही हातांनी शिडी धरलेली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला... वाजला, वाजला, वाजतच राहिला. त्यांनी शिडी काही सोडली नाही.

आपोआप थांबतो हो फोन. मला माहीतच नव्हतं.