दुसऱ्या दिवशीचं कुलूप

(चीनच्या हेनान प्रांतातलं एक खेडं. नववर्षाचा दुसरा दिवस, लेकींनी माहेरी जायचा. अंगणात तीन पायांच्या स्टँडवर मोबाइल लावलेला आहे. यालानची आई न कळवता लेकीच्या सासरी येऊन उभी आहे.)

आई: बसा म्हणू नका मला, विहीणबाई. मी बसायला आले नाही. यालान, चल. तुझे दोघे भाऊ बाहेर गाडीत आहेत.

यालान: आई, ऐक तरी. ते सगळं खोटं आहे गं. व्हिडिओसाठी करतो आम्ही. नाटक असतं ते.

आई: यांच्या समोर तू दुसरं काय बोलणार?

सासू: मी जाते हवं तर कोंबड्यांकडे. मोकळेपणानं विचारा तिला.

आई: इथंच थांबा. माझ्या पोरीला उंबऱ्यात बसवून उष्टं खायला घालता. सगळं जग बघतंय.

सासू: उष्टं कसलं? मांसाची चांगली भाजी होती. वाईट दिसावी म्हणून मीच तिच्यात भाताचं पाणी ओतलं.

यालान: सध्या हेच चालतंय, आई. आधी आम्ही नाच करून बघितला, मग स्वयंपाक. कुणी ढुंकून बघेना. एकदा सासूबाईंनी माझ्यावर झाडू उगारला, आणि लाखो लोकांनी बघितलं.

सासू: आता बाजारातली टोफूवाली मला टोफू देत नाही. म्हणते, आधी सुनेला जेवायला घाल.

आई: बरं करते.

यालान: आई, त्या माझे पाय शेकून देतात रात्री. तुला कसं पटवू?

आई: आणि फाटकाचं कुलूप?

यालान: तेसुद्धा नुसतं दाखवायलाच आहे.

आई: माहीत आहे. मघाशी मी नुसतं ओढलं तर हातात आलं. हे बघ. मग तीन वर्षांत तू का नाही ओढलंस?

यालान: आई, दे ते इकडे.

आई: दरसाल आजच्या दिवशी आळीतल्या सगळ्यांच्या लेकी येतात. मी पहाटेपासून चूल पेटवून बसते. तू फोनवर सांगतेस, तिकीट मिळालं नाही. आणि मोबाइलवर बघते तर तू बॅग घेऊन या फाटकाशी उभी, आणि ही बाई ओरडतेय, माहेर विसर आता.

यालान: आज सगळे हाच विषय करतात गं. सासू माहेरी सोडत नाही. वर्षभरात सगळ्यात जास्त हेच बघतात. सकाळी टाकायचं, लोक काय म्हणतात ते बघून दुपारी पुढचा भाग करायचा. आजचा दिवस चुकला की लोक दुसऱ्या सुनेकडे जातात. मग आपल्याला कोण विचारतं?

आई: म्हणजे तुला माहेरी येऊ देत नाहीत हे दाखवायचं, म्हणून तू आली नाहीस.

यालान: पुढच्या वर्षी नक्की येणार होते.

आई: दर वर्षी?

यालान: हो.

आई: आणि रडत का होतीस मग? तुला खोटं रडता येत नाही. लहानपणी मार चुकवायलासुद्धा कधी जमलं नाही. बाकी सगळं नाटक असेल, पण माझ्या पोरीचं रडणं मला कळतं. विहीणबाई, खरं सांगा. मारता का हिला?

यालान: काहीतरीच काय बोलतेस.

सासू: थांब यालान, मी सांगते. तिला रडूच येईना. कांदा लावून झाला, मिरची लावून झाली. शेवटी मीच म्हटलं, आईला आठव. लगेच आलं. तेव्हापासून दर वेळी तेच सांगते.

आई: आणि मग रडू थांबायचं कसं?

सासू: थांबायचं नाही. माझं ओरडून संपलं तरी ती आपली रडतच असायची. तेवढं आम्ही कापून टाकायचो.

(आई हातातलं कुलूप सासूच्या हातात ठेवते.)

सासू: यालान, बॅग आण.

यालान: पण आजचा व्हिडिओ? अजून काहीच घेतलं नाही. सगळे वाट बघत असतील.

सासू: बॅग आण म्हटलं ना. आणि रिकामी आणू नकोस या वेळी, कपडे भर.