‘येते’ म्हणायला मी शिकवलं

सिस्टर, सरपंच, अनसूयाबाई, आणि पौडच्या नि आसपासच्या वाड्यांतल्या माझ्या सगळ्या माणसांनो,

शाळेच्या खोलीत जागा पुरली नाही म्हणून तुमच्यातले पुष्कळजण व्हरांड्यात बसलेत. याच खोलीत मी रोज उभी राहून बोलते. त्याचं मला ओझं वाटत नाही. आज मात्र कागद लिहून आणलाय. कागद नसला तर मी मला सोयीचं तेवढंच बोलेन, अशी मला स्वतःची धास्ती वाटते.

नोरा गेली. मंगळवारी सकाळी, पुण्याच्या इस्पितळात. एकोणतीस वर्षांची होती.

ज्यांनी तिला नुसतं बाजारातून सायकल ढकलत जाताना पाहिलं, त्यांच्यासाठी थोडं सांगते. नोरा आयर्लंडची. ती सिस्टर नव्हती, तिकडे लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. ओढ्यापलीकडे मिशनच्या सिस्टरांचं मुलांचं घर आहे, तिथं दोन वर्षं बिनपगारी काम करायला म्हणून ती आली. सोळा मुलं. बहुतेक सगळी सहा-सात वर्षांच्या आतली. काहींना आईबाप नाहीत. काहींना आहेत, पण सांभाळण्याची ताकद नाही. त्यांना आंघोळ घालणं, उवा काढणं, खरजेला मलम लावणं, पेज भरवणं, हे तिचं काम. पहिल्या उन्हाळ्यात तिथं हगवणीनं दोन तान्ही मुलं गेली. दोघांनाही शेवटचे कपडे तिनंच घातले.

गोऱ्यांचं राज्य गेलं, मग ही इथं कशाला आली, असं गावात बोललं जायचं. मीसुद्धा बोलले. आडून नाही, तोंडावर विचारलं. म्हटलं, मुलांना बाटवायला आलीस का? ती एका पोराचे हात साबणानं घासत होती. मान वर न करता म्हणाली, “बाई, सोळा आंघोळीत दिवस संपतो. बाटवू कधी?”

‘बाटवणं’ हा शब्द मी तिला शिकवला नव्हता. तो तिनं आधीच आपल्या बाजारात ऐकला होता.

बुधवारी आणि शनिवारी ती माझ्याकडे मराठी शिकायला यायची. अनसूयाबाई, तुम्ही मुलांच्या घरी स्वयंपाक करता, तुम्ही तर तिला रोजच शिकवत होतात. म्हणून तिचं मराठी निम्मं माझं, निम्मं तुमचं. “बाई, मी लई दमले आहे,” म्हणायची. मी ‘लई’ खोडून ‘खूप’ लिहायची. एकदा पुण्याहून दिपोटीसाहेब शाळा तपासायला आले, तर ती त्यांना म्हणाली, “बसा की वो.” साहेब मनापासून हसले. मला तिची लाज वाटली होती. हेही आज सांगायला हवं.

आता ज्यासाठी कागद आणला, ते सांगते.

पहिल्याच आठवड्यात धडा संपला, तिनं पिशवी उचलली आणि म्हणाली, “बाई, मी जाते.” मी तिला उंबऱ्यात थांबवलं. म्हटलं, जाते म्हणू नये. येते म्हणावं.

ती अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत म्हणाली, “पण मी तर जाते आहे.”

“तरी.”

“आणि परत यायचं नसलं तर?”

मी म्हटलं, तरी येतेच म्हणायचं. तिनं ते वहीत लिहून घेतलं. माझ्या त्या दिवसाच्या डायरीत एवढंच आहे : नोराला ‘येते’ शिकवलं. फार प्रश्न विचारते.

काशीला तुम्ही पाहिलंय. घराच्या फाटकाशी दगडी पायरी आहे, तिच्यावर बसलेली असते ती मुलगी. धरणाच्या वरच्या अंगाला तिची वाडी. आई बाळंतपणात गेली. बाप मेंढरं घेऊन देशावर निघाला, तेव्हा त्यानं तिला इथं आणून सोडलं. चार वर्षांची होती. “येतो गं,” म्हणाला आणि गेला. तो आला नाही. मी त्याला बोल लावत नाही. तो आहे की नाही, हेही कुणाला ठाऊक नाही.

एका बुधवारी नोरा आली ती धडा न घेता नुसती बसली. म्हणाली, मी मुलांना विचारलं. इथल्या प्रत्येक मुलाला कुणीतरी ‘येते’ नाहीतर ‘येतो’ म्हणून गेलंय. “बाई, तुमचा शब्द मोठ्या माणसांना ठीक आहे. मुलं तो खरा धरतात.”

तेव्हापासून ती मुलांशी वेगळं बोलू लागली. “मी बाजारला जाते. जेवणाला येते.” आणि जेवणाला यायची. “मी बाईंकडे जाते. दिवे लावायच्या आत येते.” आणि यायची. अनसूयाबाई तिच्यावर चिडायच्या. “लेकरांच्या म्होरं असं वंगाळ बोलू न्हाई. जाते काय? मेलीस का तू?” मग दोघीही हसायच्या. पण नोरानं ते सोडलं नाही. जाते, आणि अमक्या वेळेला येते. मुलं त्या बोलण्यावर दिवस मोजायला लागली. काशी पायरीवरून उठून मुलांत खेळायला लागली.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी नोराला कावीळ झाली. डॉक्टरांनी सांगितलं, मायदेशी पाठवा आणि पुन्हा या हवेत आणू नका. ती निघाली त्या सकाळी मी मुलांच्या घरी गेले होते. मुलं ओळीनं उभी होती. नोरा मला बाजूला घेऊन म्हणाली, मी त्यांना खरं सांगते. मी जाते, आणि येईन की नाही ते मला माहीत नाही.

मंडळी, मी काय म्हटलं ते ऐका. मी म्हटलं, “नोरा, एसटीची वेळ झालीय. सोळा पोरं एकदम रडायला लागली तर सिस्टरांनी काय करायचं? येते म्हण आणि नीघ.”

हे मी मुलांसाठी म्हटलं का? तेव्हा मला तसंच वाटलं. नंतर कितीदा तरी स्वतःला विचारलं. पोरं रडलेली मला बघवली नसती, म्हणून म्हटलं. माझ्यासाठी म्हटलं.

नोरानं माझ्याकडे पाहिलं. मग मुलांकडे वळून म्हणाली, “येते.” पुढे काही नाही. जेवणाला नाही, दिव्याला नाही.

काशीनं विचारलं, “कवा?”

मी नोराची पिशवी उचलली आणि फाटकाकडे वळले. एसटी आली.

चौदा महिने काशी त्या पायरीवर बसली. मग मला नोराचं पत्र आलं. इंग्रजीत होतं. डॉक्टर नको म्हणतात, आई बोलत नाही, तरी बोटीचं तिकीट काढलंय. आणि खाली एक ओळ देवनागरीत : मी येते म्हटलं आहे. ओळ अगदी शुद्ध लिहिलेली. शिकवलं कुणी? मीच.

ती त्या एका शब्दासाठी आली का? मला माहीत नाही. सिस्टर मला म्हणाल्या, तिचा जीव या मुलांत होता, ती आलीच असती, तुम्ही हे डोक्यावर घेऊ नका. सिस्टर, तुमचं खरं असेल. सगळा दोष आपलाच म्हणण्यातही एक मोठेपणा असतो, तोही मला नको. पण ते पत्र माझ्या डायरीत ठेवलेलं आहे. त्यातली ती ओळ मला पुसता येत नाही.

ती आली, आणि सात महिने राहिली. या पावसाळ्यात कावीळ उलटली. गेल्या रविवारी मी पुण्याला इस्पितळात गेले. डोळे पिवळेजर्द, आवाज खोल गेलेला. तिनं विचारलं, मुलांना काय सांगितलंय? मी म्हटलं, पुण्याला गेलीय, येईल, असं सांगितलंय.

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, “न्हाई बाई. गेली म्हणून सांगा.”

‘न्हाई’ म्हणाली ती. मी दुरुस्त केलं नाही.

तिला माती देऊन आलो, तेव्हा मुलांना काय सांगायचं हा प्रश्न निघाला. अनसूयाबाई म्हणाल्या, “येवढ्याशा लेकरांना मरान कशाला सांगायचं? येईल म्हणावं. इसरतील.” बाई, तुम्ही मायेनंच म्हणालात. तीन दिवस मीही काही बोलले नाही. मुलं अजून वाट बघत होती.

आज सभेला येण्याआधी मी मुलांच्या घरी गेले. काशी पायरीवर होती. तिच्याजवळ बसले. म्हटलं, काशी, नोराताई गेली. आता ती येणार नाही.

तिनं विचारलं, “येते म्हनली न्हाई?”

“नाही. गेली म्हणून सांगा, म्हणाली.”

काशीनं फाटकाबाहेर बघितलं. मग म्हणाली, “आनि माझा बा?”

साडेतीन वर्षं मी या मुलीला ‘येईल हं’ म्हणत आले. आज म्हटलं, मला माहीत नाही, काशी.

ती उठली. परकर झटकला आणि आत गेली. आत जाऊन रडली का, कुणाजवळ गेली का, ते मला सांगता येणार नाही. मी तिच्यामागून आत गेले नाही. सभेची वेळ झाली होती. मला पुन्हा वेळेचं निमित्त मिळालं.

मी बरोबर केलं की नाही, हे मी तुम्हाला विचारत नाही. ते मला काशीकडून कळेल, आणि कळायला फार वर्षं लागतील. तुमच्याकडे एकच मागणं आहे. त्या घरी जात जा. निघताना मुलांना ‘येतो’ म्हणाल, तर कधी तेही सांगा. आणि त्या दिवशी या. मी स्वतः आज दिवे लावायच्या आत परत तिथं जाणार आहे. तसं येताना फाटकाशी मोठ्यानं सांगून आलेय.

आता सगळे उभे राहू. दोन मिनिटं कुणी बोलू नका. त्याआधी मला तिला एक शब्द म्हणायचाय. आपल्यात निघणाऱ्याला तो कुणी म्हणत नाही.

नोरा, जा.