खाटेखालचं कोरडं भांडं

आबा, आप्पा, समद्या आयाबायांनो. तुम्ही कामंधामं सोडून मामांसाठी आलात. सासऱ्याच्या शोकसभेत सून बोलायला उभी ऱ्हाती, हे आपल्या न्हावरे गावात कुणी बघितलं नसंल. पर बोलू द्या.

मघाशी कुणी म्हणालं, मामा साध्या तापानं गेले. न्हाई. दौंडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले व्हते, हा फ्लू हाय, ह्या वयात किडनीवर जाऊ शकतो, लघवी मोजायची. खाटेखाली भांडं दिलं. मालकांची रेल्वेत ड्युटी. दिवसभर मामांपाशी मीच.

नर्सबाई सकाळी इचारायच्या, "ताई, आजोबांना लघवी झाली का? किती झाली?"

लग्नाला चौदा वर्सं झाली. मामांसमोर मी कधी चप्पल घातली न्हाई. त्यांच्यासमोर हे कसं बोलू? मामा बी लाजायचे. भिंतीकडं तोंड करून हातानं खुणवायचे, झाली म्हणून सांग. मी पदर पुढं ओढायची आन् म्हणायची, झाली. भांडं कुठंय इचारलं की सांगायची, मीच वतून आले.

पहिल्या दिशी झाली. दुसऱ्या दिशी झाली. तिसऱ्या दिशी मामांच्या बोटात अंगठी रुतली, डोळं सुजलं. मला दिसत व्हतं, बायांनो. तरी मी म्हणाले, झाली.

भांडं कोरडं व्हतं. तिन्ही दिवस.

चौथ्या दिशी मामांना धाप लागली. डॉक्टरांनी सोता वाकून भांडं बाहेर काढलं. "हे कधीपासून कोरडं आहे?" पुण्याला न्यायला गाडी बोलावली. मामा गाडीत चढलेच न्हाईत, त्याआधीच गेले.

लवकर कळलं असतं तर वाचले असते का? डॉक्टर म्हणाले, खात्रीनं सांगता येत न्हाई. मालक मला एक शब्द बोलले न्हाईत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता आपल्या आळीत तीन घरात ताप हाय. चौथं घर आमचं. सासूबाई परवापासून तापल्यात, आत निजल्यात. आज सकाळी मी दार लावून सरळ इचारलं, लघवी झाली का? त्यांनी मान खाली घातली आन् म्हणाल्या, झाली.

मी त्यांचे पाय दाबून बघितले. बोट रुतलं, खड्डा तसाच ऱ्हायला.

मामा, माझं चुकलं. तुमच्या पाया पडते.

मंडळी, मामांसाठी दोन मिनिटं गप उभं ऱ्हा. ती झाली की कुणीतरी जीप काढा.