नळ बंद करायचं काम

विमा कंपनीच्या बाकावर शिंपीणमावशी नंबरची वाट पाहत होत्या. नजर पिशवीत, कान मात्र शेजारच्या बापलेकीकडे.

“बाबा, साहेब विचारतील, घर रिकामं होतं का. रिकामं असेल तर भरपाई नाही. खालच्यांचं भिजलेलं छत आपल्याच गळ्यात.”

“रिकामंच की. आई गेली, तू मला तुझ्याकडे नेलंस, घर विकायला काढलंस.”

“मग कुलूपबंद घरातला नळ उघडला कोणी?”

“मी.”

“तुम्ही? दुपारी तर वाचनालयात असता ना?”

“तिथे झोपू देत नाहीत गं.”

“म्हणजे रोज तिकडे जाऊन झोपता?”

“तुझी आई कोरडा नळ उघडा ठेवून आडवी व्हायची. पाणी आलं की आवाजाने उठायची. परवा मीही तसाच ठेवला.”

“आणि?”

“पाणी यायच्या आधीच जाग आली. निघालो चहाला तुझ्याकडे. नळ बंद करायचं काम कायम तिचंच होतं ना.”

“…चष्मा पुसा, बाबा. आपला नंबर आला.”

“बोला. घर रिकामं होतं?”

“हो सा—”

“नाही साहेब. बाबा रोज तिथेच झोपतात. दुपारचे.”