अडायची सोय

डोळ्यांत थेंब घालून टेलरबाई दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी बापलेकीची जुंपली होती.

"बाबा, काकांच्या बॅडमिंटन कोर्टाच्या बुकिंगच्या साइटचा प्रोग्रॅम पीएचपीतच लिहू. तुमचा जन्म गेलाय त्यात."

"नको. गो भाषा घे."

"गोमधलं तुम्हाला ओ की ठो कळत नाही!"

"तुला कळतं ना?"

"अहो, मी सोमवारी चालले नोकरीच्या गावी. मागे साइट सांभाळणार कोण?"

"मी."

"धन्य आहे! पीएचपीत काही बिघडलं तर तुम्ही चुटकीसरशी नीट कराल. कुणाला विचारायलासुद्धा नको."

"तेच तर."

"तेच तर काय?"

"मावशी, उघडा आता डोळे," नर्स म्हणाली.

"थांब गं जरा," टेलरबाई पुटपुटल्या.

"सांगा ना बाबा, तेच तर काय?"

"गोमध्ये अडलो, की तुला फोन करता येईल."

टेलरबाईंनी आता डोळे उघडले.

"बरं, गो घेऊ. पण रोज अडायचं नाही हं."

"छे, छे! एक दिवसाआड अडेन."