मच्छीचा वास न लागलेली गिटार

जबाब, दिनांक १३/०५/२०२५, दुपारी १२ वाजून ४० मिनिटे

मी, सौ. ऑड्रे आर्थर मुनिस, वय ४७ वर्षे, धंदा : सुकी मासळी विक्री व गिटारवादन, राहणार भाटेबंदर, उत्तन, भाईंदर पश्चिम, जिल्हा ठाणे.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, धंद्याच्या रकान्यात आधी ‘गृहिणी’ असे टाइप झाले होते. ते माझ्या सांगण्यावरून दुरुस्त केले आहे. घरकाम मी करते, पण माझे पती आर्थर हेसुद्धा करतात, आणि त्यांचा जबाब घेतला असता तर त्यांच्या नावापुढे कोणी ‘गृहिणी’ लिहिले नसते.

माझे पती आर्थर, वय ५३ वर्षे, पूर्वी बोटीवर जात असत. ते चर्चमध्ये आणि लग्नांत गिटार वाजवीत. सन २०१४ मध्ये जाळे ओढणाऱ्या यंत्रात, म्हणजे विंचमध्ये, सापडून त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. त्यानंतर ते समुद्रावर गेले नाहीत आणि त्यांनी गिटार वाजवली नाही. तीन वर्षे आमच्या घरात गिटार नव्हती. त्याबद्दल अधिक विचारले असता, मला सांगायचे नाही.

सन २०१७ मध्ये मी भाईंदर स्टेशनजवळच्या दुकानातून ४२०० रुपयांची गिटार आणली. मला तेव्हा एकही सूर येत नव्हता. आर्थर समोर बसून कोणते बोट कुठे ठेवायचे ते सांगत आणि मी ठेवत असे. गल्लीतल्या बायका हसल्या. आता त्याच बायकांच्या घरची लग्ने मी वाजवते.

माझ्याविरुद्ध तक्रार अशी आहे की, रविवार दिनांक ११/०५/२०२५ रोजी आमचे शेजारी स्टीवन यांच्या लग्नात मी श्री. जितेंद्र, राहणार सिल्व्हर पार्क, मीरा रोड, यांची परदेशी गिटार न विचारता घेतली, ती वाजवली आणि तिचे नुकसान केले. श्री. जितेंद्र हे गिटारचा क्लास चालवतात. त्यांच्या गिटारची किंमत दोन लाखांच्या वर असल्याचे त्यांनी रविवारी तीन वेळा व आज ठाण्यात दोन वेळा सांगितले. मी ती गिटार घेतलेली नाही, वाजवलेली नाही, तिला माझे बोटसुद्धा लागलेले नाही.

रविवारचा प्रकार असा की, दुपारच्या जेवणावेळी माझे वाजवणे होते आणि संध्याकाळी श्री. जितेंद्र यांच्या ग्रुपचे. ते सकाळी अकराच्या सुमारास स्वतःच्या गाडीने आले. मी तेव्हा घरामागे बांबूंवर वाळत घातलेले बोंबील काढत होते, कारण लग्न असले तरी बोंबील थांबत नाहीत. त्यांनी गाडी उन्हात लावली व गिटार आतच ठेवून दार लावले. मी त्यांना म्हटले, “गाडीत नका ठेवू. उन्हाने गोंद सुटतो. स्टीवनच्या घरात पंख्याखाली ठेवा, माझीपण तिथेच आहे.” त्यावर ते म्हणाले, “आंटी, बुरा मत मानना, पण इथे सगळीकडे मच्छीचा वास आहे. गिटारच्या केसच्या वेल्वेटमध्ये एकदा बसला ना, मग निकलता नहीं.”

मी वाईट मानले. पण लग्नघर होते, म्हणून बोंबील काढत राहिले.

दुपारी दीड वाजता मी माझ्याच गिटारवर पाऊण तास वाजवले. तिचा आवाज एवढा चांगला कसा, असे विचारले असता सांगते की, ती दुकानातून आली तेव्हा टिनाच्या डब्यासारखी वाजत होती. आर्थर यांनी तिच्या तारांखालची प्लॅस्टिकची पट्टी काढून टाकली. मटणाच्या दुकानातून नळीचे हाड आणले, उकळले, महिनाभर वाळवले व घासून त्याची पट्टी बसवली. ते त्यांनी आठ बोटांनी केले. खालच्या तीन तारा तंगुसाच्या, म्हणजे जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याच्या आहेत. बाजारातल्या तारा महाग म्हणून नव्हे, तंगूस गोड वाजतो म्हणून. पाच जाडींचा तंगूस लावून, ऐकून, त्यातला एक ठरवला. आत १८० रुपयांची बटणाएवढी चकती चिकटवली आहे, ती आवाज अँपपर्यंत, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्यापर्यंत, नेते. तीसुद्धा कुठे चिकटवायची हे आर्थर यांनी गिटारला कान लावून शोधले. त्याला दोन रविवार लागले. अँप लहानसा आहे. तो आम्ही जमिनीवर ठेवत नाही, पोकळ लाकडावर ठेवतो, म्हणजे खर्ज भरतो. यात लपवण्यासारखे काही नाही. कोणी विचारले तर आम्ही सांगतो. आजवर कोणी विचारले नव्हते.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास श्री. जितेंद्र यांनी गाडीतून गिटार बाहेर काढली. तिचा ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी, एका बाजूने उचलला गेला होता. खाली करंगळी जाईल एवढी फट होती. मी लांबूनच म्हटले की, तारा सैल करा, नाहीतर पूर्ण उखडेल. त्यांनी ग्रुपमधल्या दुसऱ्याच्या गिटारवर कार्यक्रम केला. ‘मी सांगितले होते ना’ असे मी तेव्हा म्हटले नाही. आता म्हणते.

सोमवारी माझ्या दुपारच्या वाजवण्याचा व्हिडिओ कोणीतरी पाहुण्याने पुढे पाठवला व तो फिरत फिरत श्री. जितेंद्र यांच्या क्लासच्या ग्रुपवर गेला. त्यात माझे तोंड दिसते, गिटार दिसत नाही, कारण पुढे बायका नाचत आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी विचारले की, सर, या आंटी कोणती गिटार वाजवतात? स्टीवनही त्याच क्लासला जातो, त्याने तिथे लिहिले की, चार हजारवाली. त्यानंतर सकाळी अकरा वाजता मला श्री. जितेंद्र यांचा फोन आला. ते म्हणाले, “आंटी, तो साउंड चार हजारच्या गिटारचा होऊच शकत नाही. मी क्लासमध्ये रोज हेच शिकवतो. तुम्ही माझी वाजवलीत, सच बोलो.” मी म्हटले, “मग रोज चुकीचं शिकवताय.” आणि फोन ठेवला. संध्याकाळी त्यांनी तक्रार दिली. त्यात त्यांची गिटार दिवसभर स्टीवनच्या घरात, माझ्या गिटारशेजारी होती, असे लिहिले आहे. ते खोटे आहे.

म्हणजे माझ्याविरुद्ध पुरावा काय, तर माझे वाजवणे चांगले झाले. वाईट वाजवले असते तर मी आज इथे नसते.

आज सकाळी सव्वाअकरा वाजता मी आर्थर यांच्यासह, माझी गिटार व अँप घेऊन, बोलावल्याप्रमाणे हजर झाले. श्री. जितेंद्र त्यांची गिटार घेऊन आधीच बाकावर बसले होते. त्यांनी एक कागद लिहून आणला होता. त्यात असे होते की, मी नजरचुकीने त्यांची गिटार वाजवली, व्हिडिओतील आवाज त्याच गिटारचा आहे व मी दिलगीर आहे. नुकसानभरपाई त्यांना नको होती, फक्त माझी सही हवी होती. हवालदार राघो साहेब मला समजावून म्हणाले, “बाई, करा सही नि मोकळ्या व्हा. पैसे मागत नाहीयेत. तुमचं काय जातंय?”

त्यावर आर्थर म्हणाले, “तिचं काय न्हाय जात, साहेब. माझा कान जातो. माझ्याकडं आता तेवढाच हाय.”

मी सही केली नाही. गिटार नजरचुकीने हातात येईल इतकी माझी नजर अजून गेलेली नाही. श्री. जितेंद्र म्हणाले की, मग गिटार जप्त करा, उघडून तपासा. मी म्हटले, उघडायच्या आधी वास घ्या.

हे ऐकून सगळे हसले. उपनिरीक्षक संचिता मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला काय म्हणायचे आहे ते विचारले. मी सांगितले की, रविवारी सकाळपासून माझे हात बोंबलात होते. मच्छीचा वास वेल्वेटमध्ये बसला की निघत नाही, असे तक्रारदार स्वतः म्हणाले आहेत. त्यांची गिटार दिवसभर मच्छीवाल्यांच्या घरात असेल आणि मी ती पाऊण तास छातीशी धरून वाजवली असेल, तर आज ती काय बोलते ते बघा.

मॅडमनी दोन्ही केस, म्हणजे गिटारच्या पेट्या, टेबलावर घेतल्या. माझी उघडताच समोर पासपोर्टच्या कामासाठी बसलेले एक गृहस्थ उठून बाहेर गेले. माझ्या गिटारला सुक्या बोंबलाचा वास येतो. आठ वर्षे येतो. श्री. जितेंद्र यांच्या केसला मोगऱ्याचा, म्हणजे गाडीत टांगतात त्या बाटलीतल्या अत्तराचा वास होता. मॅडमनी वेल्वेटला, तारांना व गिटारच्या पोटातल्या भोकालाही नाक लावून पाहिले. नंतर राघो साहेबांना पाहायला लावले. दोघांनाही दुसरा कोणताही वास आला नाही.

राघो साहेब म्हणाले की, बाईंनी हात धुऊन वाजवली असेल. त्यांना सांगते की, साहेब, मी तीस वर्षे हात धुते आहे. लिंबू लावून झाले, कोथिंबीर चोळून झाली, वाळू लावून झाली. धुऊन तो वास जात असता, तर आज येताना बसमध्ये माझ्या शेजारची बाई जागा सोडून उभी राहिली नसती. आज पहिल्यांदा तो वास माझ्या बाजूने बोलला, एवढेच.

मॅडमनी श्री. जितेंद्र यांना विचारले की, रविवारी गाडीची चावी कोणाकडे होती? ते म्हणाले, “माझ्याच खिशात.” गिटार बाहेर कधी काढली? ते म्हणाले, “संध्याकाळी.” मग असेही म्हणाले, “मॅडम, गाडीत ठेवली हे लोकांना कळलं तर क्लासमध्ये काय सांगू? मी मुलांना पहिल्या दिवशी सांगतो, गाडीत ठेवू नका.” हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मला त्यांची दया आली नाही. नंतर थोडी आली.

तरीही ते म्हणाले की, गिटारचं मान्य, पण व्हिडिओतला साउंड मात्र एडिट केलेला आहे. तेव्हा मीच मॅडमना वाजवून दाखवण्याची परवानगी मागितली. आर्थर यांनी अँप हातात घेतला आणि ठाण्यातले टेबल, कपाट व बाक बोटाच्या पेरांनी वाजवून पाहिले. बाक त्यांना पसंत पडला. ते श्री. जितेंद्र यांना म्हणाले, “उठ जरा, बाबा. तुझ्या बुडाखाली बरा खर्ज हाय.” श्री. जितेंद्र उठले. अँप त्यांच्या जागेवर ठेवला.

मी रविवारचेच वाजवले. सुमारे चार मिनिटे. आर्थर समोर बसून ओठांनी बोटांचे आकडे सांगत होते. मला आता त्याची गरज लागत नाही, पण ते सांगतात आणि मी त्यांना थांबवत नाही. बाहेर गेलेले गृहस्थ परत येऊन दारात उभे राहिले. वायरलेसवर कोणीतरी बोलत होते, राघो साहेबांनी त्याचा आवाज कमी केला.

वाजवणे झाल्यावर श्री. जितेंद्र यांनी माझी गिटार हातात मागितली. मी दिली. त्यांनी ती नाकाजवळ येईल एवढी वर धरून हाडाची पट्टी बघितली, वासाची पर्वा केली नाही. ते आर्थर यांना म्हणाले, “अंकल, हे हाड कोणतं?” आर्थर म्हणाले, “नळीचं. महिनाभर वाळव. उन्हात न्हाय, सावलीत.”

त्यानंतर श्री. जितेंद्र यांनी तक्रार मागे घेत असल्याचे सांगितले. तो त्यांचा प्रश्न आहे. त्यांनी माझी माफी मागावी असे माझे म्हणणे नाही. त्यांनी आणलेल्या कागदासारखाच एक कागद त्यांनी क्लासच्या ग्रुपवर टाकावा, एवढे म्हणणे आहे : व्हिडिओतील आवाज सौ. ऑड्रे मुनिस यांच्या ४२०० रुपयांच्या गिटारचा आहे. पुढे, ती गिटार घडवणारे म्हणून, आर्थर यांचे नाव लिहावे. सही श्री. जितेंद्र यांची चालेल.

येत्या रविवारी चर्चमध्ये माझे वाजवणे आहे, म्हणून तपासासाठी ठेवून न घेता गिटार मला आजच परत मिळावी. माझ्या गिटारला बोंबलाचा वास येतो, असे या जबाबात वर आले आहे. टाइप करणाऱ्या भाऊंनी ते वगळू का, असे मला आपुलकीने विचारले. वगळू नये. ते बरोबर आहे आणि मला मान्य आहे.

वरील मजकूर मला मराठीत, मोठ्याने, बाकावरच्या सर्वांसमक्ष वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे. दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली, ती केली आहे : ‘गृहिणी’ काढले, आणि ‘साधी गिटार’ असे होते तिथे ‘माझी गिटार’ केले.

जबाब देणार,
(सही) ऑड्रे आर्थर मुनिस